मागाला टांगलेली डिस्क

चंद्रभान पौनीकर एका जागी बसलेला कोणी पाहिला असेल, तर त्यानं पुढं यावं. अख्ख्या तांडापेठेत असा माणूस सापडायचा नाही. चहा उभ्यानं. जेवण अर्धं चुलीपाशी, अर्धं दारात. केस कापायला बसला की न्हावीच हात जोडायचा, की बाप्पा, आज एखादा कान जाते तुमचा. त्याची बायको अनुसया शेजारणींना सांगायची, "हा माणूस झोपेतही पेचकस शोधून राह्यते वं."

लोक हसायचे, पण यंत्र अडलं की बोलवायचे त्यालाच. सायकलच्या दुकानात सुरुवात झाली, मग सीताबर्डीला रेडिओ, मग टाइपरायटर, आणि पंच्याऐंशी साली कॉम्प्युटर. नागपुरात तेव्हा कॉम्प्युटर बोटावर मोजण्याइतके, आणि ते उघडून आत हात घालायची छाती असलेले त्याहून कमी. चंद्रभानला छाती लागतच नव्हती. समोर स्क्रूचा पेच दिसला की त्याचे हात आपसूक जायचे. खोड होती ती. आणि खोडीचं असं असतं, दहा वेळा ती कामी येते आणि अकराव्या वेळी गळ्याशी येते.

ही खोड जन्माची नव्हती. सतरा वर्षांचा होईतो तो घरातला सगळ्यात शांत माणूस होता, हे आज सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. बाप नत्थूजी खड्ड्यात पाय सोडून हातमागावर लुगडी विणायचा आणि चंद्रभान दारातल्या उजेडात चरख्यावर कांड्या भरायचा. कांडी म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या त्या लाकडी होडीत, घालायची सुताची नळी. अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात चार-पाच दिवस मागाचा ठोका चुकत होता. खट-खट, खट-खट, मग मध्येच पोकळी, मग पुन्हा खट. "बाबा, माग आवाज करून राहिला," चंद्रभान म्हणाला होता. "जुना आहे गा. चालते," नत्थूजी म्हणाला होता.

एका दुपारी ठोका थांबला. सूत तुटलं असेल, पाणी पीत असतील, असं म्हणून चंद्रभान कांड्या भरत बसला. बराच वेळ बसला. मग आत गेला, तर बाप अर्ध्या विणलेल्या लुगड्यावर कपाळ टेकून होता. हाक मारली, हलवलं, काही नाही. ठोका माग चुकवत नव्हता, माणूस चुकवत होता, हे त्याला तेव्हा कळलं. आपण बसून राहिलो, ही गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नाही. मायलाही नाही.

तेव्हापासून तो मागावर बसला नाही, आणि खरं तर कुठंच बसला नाही. पंखा कुरकुरला, शिवणयंत्र अडखळलं, कोणाच्या घरचं घड्याळ टिक करून टक म्हणायला विसरलं, की हा पेचकस घेऊन हजर. ते उघडून आवाज सरळ होईपर्यंत त्याला अन्न गोड लागायचं नाही. लोक म्हणायचे, काय हौशी कारागीर आहे. हौस कसली डोंबलाची, भीती होती ती.

आता नागपूरच्या महाल भागातल्या गोष्टीकडे येऊ. तिथं सुहासिनीबाईंचा टायपिंगचा क्लास होता. चौदा टाइपरायटर, सगळे चंद्रभाननं कधी ना कधी खोलून पुन्हा बसवलेले. सत्त्याऐंशीत बाईंनी हिंमत करून एक कॉम्प्युटर घेतला, पुण्याच्या एका कंपनीकडून मराठी लिहायचा प्रोग्रॅम मागवला, आणि दारावर पाटी लावली. पहिलं मोठं काम आलं उत्तराताईंचं.

उत्तराताई कॉलेजात मराठी शिकवायच्या. नागपुरी कोष्ट्यांच्या मागावरच्या बोलीवर त्या आठ वर्षं प्रबंध लिहीत होत्या. आठ वर्षं म्हणजे थट्टा नाही. त्यात त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, एक नोकरी गेली, दुसरी कच्ची मिळाली. मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता शेवटची तारीख होती अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीतला सत्ताविसावा दिवस, शनिवार, दुपारी एक. चारशे बारा पानांचा प्रबंध त्या वेळेला विद्यापीठातल्या टेबलावर पोहोचला तर ठीक, नाही तर नोंदणी रद्द. आठ वर्षं पाण्यात, आणि कॉलेजातली नोकरी कायम व्हायची ती वाटही बंद.

या प्रबंधातले निम्मे शब्द मैनाबाईंनी सांगितलेले होते. मैनाबाई म्हणजे चंद्रभानची माय. सत्तरीला टेकली होती आणि अजून नवऱ्याच्याच मागावर बसत होती. चंद्रभाननंच उत्तराताईंना घरी नेलं होतं. दोन वर्षं त्या दर गुरुवारी तिथं खड्ड्याच्या काठावर वही घेऊन बसायच्या. "मी वही शिकली नाही, पण माया बोलाची वही होऊन राहिली," असं मैनाबाई गल्लीभर सांगत फिरायची.

प्रबंध सगळा कॉम्प्युटरमध्ये भरून झाला. शेवटच्या दुरुस्त्या चालल्या होत्या. सोमवारपासून छपाई करायची ठरली. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललेलं.

फक्त कॉम्प्युटर सुरू करताना आतली हार्ड डिस्क घरघरायची. घर्र, मग पोकळी, मग पुन्हा घर्र, आणि मग चालू. सुहासिनीबाई म्हणाल्या, "चंद्रभानभाऊ, चालतंय ना? छपाई होऊन जाऊ द्या, मग बघू." चंद्रभान "हो हो" म्हणाला. पण ती पोकळी त्याला झोपू देईना. छपाईच्या मध्येच बंद पडली तर? रविवारी क्लास बंद असताना क्लासची किल्ली घेऊन तो आला. ओळखीच्या दुकानातून आणलेली चांगली, शांत चालणारी डिस्क बसवली, सगळा मजकूर, सगळा प्रोग्रॅम एकेक करून नव्या डिस्कवर उतरवून घेतला, आणि जुनी पोत्यात घालून लुनावर टाकून घरी नेली. घरी खाटेखाली ढकलली आणि पुन्हा कुठंसं निघून गेला. आपण सगळ्यांवर उपकार केले, अशा तोऱ्यात होता तो.

सोमवारी सकाळी सुहासिनीबाईंनी यंत्र सुरू केलं. आवाज नाही, कुरकुर नाही. प्रोग्रॅम उघडायला गेल्या, तर पडद्यावर एकच ओळ: या मशीनवर वापरण्याची परवानगी नाही.

पुण्याच्या कंपनीनं चोरी होऊ नये म्हणून एक युक्ती केली होती. प्रोग्रॅम तिच्या खास फ्लॉपीवरून एकदाच, एकाच डिस्कवर चढायचा. चढला की फ्लॉपी रिकामी व्हायची आणि डिस्कच्या कुठल्याशा कोपऱ्यात एक खूण बसायची. ती खूण नुसती नक्कल करून येत नसे. डिस्क बदलायची असेल तर आधी जुनीवरून प्रोग्रॅम उतरवायचा, म्हणजे तो फ्लॉपीवर परत जमा होतो, आणि मग नवीवर चढवायचा. हे सगळं इंग्रजी पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर व्यवस्थित लिहिलं होतं. पुस्तिका खिडकीच्या फटीत वारा अडवायला लावलेली होती. आणि जुनी डिस्क परत जोडून पाहावी, हे चंद्रभानच्या डोक्यातच आलं नाही; त्याच्या लेखी ती मोडीत निघाली होती.

मजकूर सुखरूप होता, तेच तर दुखणं. चारशे बारा पानं डिस्कवर होती, वर फ्लॉप्यांवरही होती, पण प्रोग्रॅमशिवाय उघडलं की पाय पडून विस्कटलेल्या रांगोळीसारखी चिन्हं दिसायची. हातानं लिहिलेला कच्चा मजकूर सहा महिन्यांपूर्वीचा, त्यानंतर अर्धा प्रबंध बदललेला. पुन्हा टाइप करणं पाच दिवसांत कोणाच्या बापाला जमलं नसतं.

उत्तराताई आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाल्या, "चंद्रभान, नीट चाललं होतं ना ते?"

"हो, ताई."

"मग हात का लावलात?"

चंद्रभान खिडकीपाशी गेला, तिथून दाराशी, दारापासून परत खिडकीपाशी. हात खिशात घालून काढले, पुन्हा घातले. त्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

हिशोब सोपा होता. मराठी अक्षर छापायला त्या छपाईयंत्राला एका पानाला तीन मिनिटं लागत. चारशे बारा पानं म्हणजे वीस-एकवीस तास, त्यात वीज जाणार, रिबीन बदलणार, मग झेरॉक्स, मग बांधणी. गुरुवारी दुपारपर्यंत प्रोग्रॅम उघडला तरच शनिवार साधणार होता. उघडला नाही, तर काही खरं नाही.

मंगळवारी त्यानं पोस्टातून पुण्याला ट्रंक कॉल लावला. दोन तास तिथं येरझारा घातल्या. लाइन लागली तेव्हा पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "फ्लॉपी रजिस्टर पोस्टानं पाठवा, आम्ही तपासून दहा दिवसांत परत पाठवतो."

"साहेब, आमचं काम शनिवारी आहे."

"समजू शकतो. पण मशीन बदललं की हीच पद्धत आहे."

"मशीन नाही बदललं साहेब, आतला एक भाग बदलला."

"प्रोग्रॅमला ते वेगळंच मशीन," तो म्हणाला, आणि तीन मिनिटं संपली.

फ्लॉपी घेऊन स्वतः पुण्याला जावं, तर जाऊन-येऊन शुक्रवार उजाडला असता. मग छापायचं कधी?

बुधवारी सुहासिनीबाईंना आठवलं, की लकडगंजातल्या गुलाबचंद शेठजींनी समाजाच्या मासिकासाठी हाच प्रोग्रॅम घेतला होता. चंद्रभाननं लुनाला टाच मारली. सागवानाच्या ओंडक्यांमधून वाट काढत तो शेठजींच्या गादीवर पोहोचला. कॉम्प्युटर होता. वर लाल मखमलीचं झाकण, पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, बाजूला उदबत्ती.

"शेठजी, तुमचा मराठीचा प्रोग्रॅम दोन दिवस वापरू द्या. एका बाईची आठ वर्षं अडकून आहेत."

गुलाबचंद खो-खो हसले. "अरे भाई, तो तं सहा महिन्यांपासून बंद आहे. दिवाळीच्या आधी मी नवीन मशीन घेतली, जुनी काढून टाकली. तेव्हापासून एकच लिहून येते, परवानगी नाही. मी तं आता आरतीच करतो त्याची." मग चंद्रभानचा चेहरा पाहून ते जरा नरमले. "कंपनीवाल्यानं मले सांगितलं होतं. म्हणे, शेठ, जुनी मशीन जवळ असती तं त्याच्यावरून उतरवून घेता आला असता. पण मी तं ती भंगारात देऊन बसलो होतो. तुझी जुनी आहे का रे?"

चंद्रभान उत्तर द्यायला थांबलाच नाही. जुनी आहे. खाटेखाली आहे. तीन दिवस तो गावभर फिरत होता आणि चावी घरात पोत्यात पडली होती. लकडगंज ते तांडापेठ त्यानं कसं काटलं, हे त्यालाच ठाऊक. लुना दारात आडवी टाकून तो आत गेला आणि खाटेखाली पालथा पडला. पोतं होतं. पोतं रिकामं होतं.

"माय, ती लोखंडी पेटी कोठी आहे?"

"कोणती पेटी?" मैनाबाई मागावर होती. धोटा फेकणं थांबलं नाही.

"पोत्यातली वं. विटेएवढी. रविवारी आणली होती."

"ते का पेटी आहे?" मैनाबाई म्हणाली. "हे तं पाह्य."

तिनं मानेनं मागच्या बाजूला खूण केली. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, ताठ राहावा म्हणून मागच्या रुळाला दोर गुंडाळून त्याला वजन लटकवतात. वर्षानुवर्षं तिथं एक दगडी गोटा होता. त्याच्या जागी आता सुताच्या दोरीनं करकचून बांधलेली पुण्याच्या प्रोग्रॅमची डिस्क तिरपी लटकत होती आणि प्रत्येक ठोक्याला हिंदकळत होती. तीन दिवसांत तिनं हजारो ठोके खाल्ले असतील. ज्या वस्तूला हलक्या हातानं टेबलावर ठेवायचं, असं त्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कोर्सात शिकवलं होतं, ती.

चंद्रभाननं धावत जाऊन ती हिंदकळती डिस्क तळहातानं थोपवली.

"गोटा फुटला होता माया," मैनाबाई सांगू लागली. "तू तं टाकून पळाला. मी तोलून पाह्यलं, वजन बरोबर भरलं. असा ताणा तं नवा गोटा असूनही बसत नव्हता. तुले काहून पसीना आला?"

मग त्यानं सगळं सांगितलं. डिस्क, प्रोग्रॅम, शनिवार. मैनाबाईचे हात थांबले.

"म्हणजे माये बोल त्याच्यात अडकले?"

"हाव."

"अन् त्या बाईची नोकरी?"

"तेही."

मैनाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की सदतिसाव्या वर्षी त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "अरे, ताणा संपला तं आपण जुना पुरा ओढून काढतो का? जुनी टोकं फणीतच ठेवतो, अन् नव्याचा एकेक धागा त्याले गाठ मारून जोडतो, मंग पुढं ओढतो. जुनं सोडून मंग नवं जोडाले जाशीन, तं बसशीन महिनाभर धागे ओवत. हे कोष्ट्याच्या पोराले सांगा लागते? त्या बाईले मी हे सांगितलं आहे. तिनं लिहून घेतलं आहे."

खरंच घेतलं होतं. चौथ्या प्रकरणात होतं ते. चंद्रभाननं ते पान पडद्यावर सरकताना दहादा पाहिलं असेल. वाचलं मात्र नव्हतं.

मैनाबाई कण्हत खड्ड्यातून वर आली. पाट्यावरचा वरवंटा आणला, त्याला दोरी बांधली, ताणा हातानं धरून ठेवला आणि म्हणाली, "काढ." डिस्क सुटली, वरवंटा चढला. "आता चटणी कायनं वाटू? मी येते तुया संग. काम झालं की माया वजन मले परत पाह्यजे."

बुधवारी दुपारनंतर महालात वीज नव्हती. ती वेळ चंद्रभाननं कशी काढली ते विचारू नका. गुरुवारी सकाळी नऊ वाजता वीज आली तेव्हा क्लासमध्ये चौघं होते: सुहासिनीबाई, उत्तराताई, भिंतीशी विद्यार्थ्यांच्या स्टुलावर पदर सावरून बसलेली मैनाबाई, आणि न बसलेला चंद्रभान. मुलींना त्या दिवशी सुट्टी दिली होती.

त्यानं नवी डिस्क काढून ठेवली. जुनीला तार जोडली, टेबलावर सरळ ठेवली, बटण दाबलं. घर्र. मग पोकळी. मग काही नाही. पुन्हा. घर्र, पोकळी, काही नाही. त्यानं ती पालथी केली, उताणी केली, तार बदलली, हातानं शेकली. दहा वाजले, साडेदहा वाजले. उत्तराताई घड्याळाकडे बघतही नव्हत्या, आणि ते बघवत नव्हतं. अकरा वाजता त्यानं हात मागं घेतले. आपल्याच हातांनी आपण एका माणसाची आठ वर्षं खाल्ली, आता हे हात कोणाला दाखवायचे, असं त्याला झालं होतं.

"मायाकडे तं ते तिरपं लटके," मैनाबाई भिंतीशी बसूनच म्हणाली. "तू सरळ कायले ठेवतो?"

चंद्रभाननं डिस्क उचलली. दोन्ही तळहातांवर घेऊन ती मागाला होती तशी एका कोपऱ्यावर झुकवली. घर्र. पोकळी. आणि घर्र, घर्र, चालू. पडद्यावर अक्षरं आली. सुहासिनीबाईंच्या तोंडून नुसतं "अगं बाई" निघालं.

त्यानं पुस्तकांचा उतार करून डिस्क त्यावर ठेवली. थांबली. पुन्हा हातात घेतली, चालू झाली. टेबलाची थरथर तिला चालत नव्हती, आणि पुस्तकांना तो नेमका कोन जमत नव्हता. हातच लागत होते. तेही हलता कामा नये.

"उतरवायला घ्या, ताई," तो म्हणाला.

सुहासिनीबाईंनी फ्लॉपी घातली, आज्ञा दिली. पडद्यावर शंभरातले आकडे येऊ लागले. एक. दोन. मग थांबलं. डिस्क वाचायचा प्रयत्न करत होती, चुकत होती, पुन्हा वाचत होती. तीन. एरवी मिनिटाचं काम, त्या दिवशी पावणेदोन मिनिटांत चार आकडे सरकले. "हलू नका," सुहासिनीबाई म्हणाल्या. "काहीही झालं तरी हलू नका."

चंद्रभान स्टुलावर बसला. कोपरं गुडघ्यांवर टेकवली, तळहातांत पावणेतीन किलोची ती वीट. बसला, म्हणजे खरोखर बसला. नाकावर माशी बसली, ती त्यानं बसू दिली.

आणि हातात तो आवाज होता. घर्र, घर्र, पोकळी, घर्र. वीस वर्षं ज्या आवाजापासून तो पळत होता, तो त्याच्या तळहातांत येऊन बसला होता, आणि त्याला काहीच करता येत नव्हतं. उघडता येत नव्हतं, ठोकता येत नव्हतं, पळता येत नव्हतं. नुसतं ऐकायचं. प्रत्येक पोकळीला त्याला वाटे, संपलं. अठरा. एकोणीस. घाम डोळ्यांत उतरला. चाळिसावर आकडा अडकला.

मैनाबाईनं आपलं स्टूल ओढत त्याच्या समोर आणलं. पदरानं त्याचं कपाळ पुसलं, हळूच, हाताला धक्का न लावता.

"चंदू," ती म्हणाली, "त्या दिवशी तू दारात चार कांड्या जास्तीच्या भरल्या होत्या."

पडद्यावर एक्केचाळीस आला.

"मी मोजल्या होत्या. सकाळी मी सूत देऊन गेली, तवा हिशोब माया डोक्यात होता. मी परत आली तं मागाले लागल्या त्याच्यापेक्षा चार जास्त. म्हणजे माग थांबल्यावर तू तेवढा वेळ बसून होता. मले तवाच समजलं."

"माय, मले वाटलं बाबा पानी पिऊन राहिले."

"हाव. कोणालेही तसंच वाटलं असतं."

"मी उठलो असतो तं."

"तं काही नाही. डॉक्टरनं मले सांगितलं होतं, एका झटक्यात गेले. पडतानाच गेले. तू पहिली कांडी भरत होता तवा ते नव्हतेच." तिचा आवाज जराही हलला नाही. वीस वर्षांपूर्वीच रडून मोकळी झालेली बाई होती ती. "तू काही बोलशीन म्हणून मी वाट पाहून राहिली होती. तू बोललाच नाही. नुसता पळत राहिला. मीच आधी बोलाले पाह्यजे होतं, मायी चूक झाली. तू बसला म्हणून तुया बाप मेला नाही, बाप्पा."

चंद्रभान रडला. नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता. डोळ्यांतून, नाकातून सगळं वाहत होतं आणि हात तसेच होते, देवळातल्या समईसारखे स्थिर. सुहासिनीबाईंनी पडद्याकडे तोंड फिरवलं. उत्तराताई उठून आल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवू का नको अशा उभ्या राहिल्या. ठेवला नाही, हलेल म्हणून.

साठ. एकाहत्तर. पोकळ्या लांब होत चालल्या. नव्वद. अठ्ठ्याण्णववर डिस्क इतका वेळ गप्प राहिली, की सुहासिनीबाईंनी पदराचा बोळा तोंडात घातला. मग एक बारीकशी घर्र झाली, आणि पडद्यावर ओळ आली: प्रोग्रॅम फ्लॉपीवर जमा. शिल्लक एक.

"झालं, चंद्रभानभाऊ," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ठेवा आता."

तो लगेच उठला नाही. डिस्क हातातच फिरत फिरत मंदावली आणि थांबली, तोवर बसून राहिला. ती पुन्हा कधीच सुरू झाली नाही.

नवी डिस्क बसवली, प्रोग्रॅम चढवला, आणि दुपारी पाऊण वाजता पहिलं पान छपाईयंत्रातून करकरत बाहेर आलं. वीज दोनदा गेली, रिबीन तीनदा बदलली. शुक्रवारी संध्याकाळी चारशे बारावं पान निघालं. शनिवारी बांधणीवाल्याचा डिंक ओला असतानाच उत्तराताई प्रबंध छातीशी धरून चंद्रभानच्या लुनावर मागं बसल्या. बारा वीसला टेबलावर तो ठेवला आणि पोचपावती घेतली. बाहेर आल्यावर त्या पायरीवरच बसल्या आणि मोठ्यानं हसल्या. आठ वर्षांत आपण असं हसलो नव्हतो, असं त्या म्हणाल्या.

रविवारी चंद्रभाननं जुनी डिस्क घरी आणली. वरवंटा सोडून पाट्यावर ठेवला, डिस्कला स्वतःच्या हातानं दोरी बांधली आणि मागच्या रुळाला टांगली. तिरपी. मैनाबाईनं ताण्यावर बोट ओढून पाहिलं आणि मान हलवली. मग ती कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीपाशी गेली आणि आतून एक पुरचुंडी काढली. फडक्यात चार कांड्या होत्या. वीस वर्षांत सूत पिवळं पडलं होतं, पण भरलेली अशी एकसारखी, की बोट लावलं तरी धागा हलला नसता.

"ठेवल्या होत्या मी," ती म्हणाली. "वाया कायले घालवायच्या."

चंद्रभान दारात उभा होता. एक पाय उंबऱ्याबाहेर, लुनाची किल्ली हातात. सीताबर्डीवर कोणाचा तरी कॉम्प्युटर बंद पडला होता, माणूस बोलवायला येऊन गेला होता.

मैनाबाईनं पहिली कांडी धोट्यात घातली. "बस," ती म्हणाली.

पूर्वी चरखा असायचा त्या जागी, दारातल्या उजेडात तो मांडी घालून बसला. माग सुरू झाला. लुगड्याच्या पांढऱ्या अंगात पिवळसर सूत चढू लागलं. मैनाबाईचा ठोका म्हातारा झाला होता, मध्येमध्ये चुकत होता. त्यानं तो ऐकला. बर्डीचा माणूस पुन्हा येऊन दारात खाकरला, त्याला चंद्रभान म्हणाला, "येतो. वेळ लागन." आणि चौथी कांडी संपेपर्यंत तो उठला नाही.